अपडेट मारलं आणि बॅटरी गेली?

नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या गंजगोलाईत, मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘अपडेट मारलं आणि चार्जिंग टिकेना झालं.’ या वाक्यात तक्रार आहे आणि निदानही आहे. तक्रार बहुतेक वेळा खरी असते. काल रात्रीपर्यंत चालणारा फोन आज दुपारी तीनलाच चार्जर मागतो, हे कुणी मनाने रचून सांगत नाही. चुकते ते निदान. अपडेट आले आणि त्याच आठवड्यात बॅटरी लवकर उतरू लागली, एवढ्यावरून दोष अपडेटच्या माथी मारता येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असेही होते. मराठवाड्यात तर ती फांदी आधीच वाळलेली असते, कारण इथले ऊन, इथली रेंज आणि आपल्या चार्जिंगच्या सवयी या तिन्ही गोष्टी बॅटरीच्या मुळावर आहेत.

पहिल्या काही दिवसांत अपडेटचा हात असतो, हे मात्र आधीच मान्य करून टाकू. मोठे अपडेट बसवून फोन पुन्हा सुरू झाला म्हणजे त्याचे काम संपले असे नसते. अँड्रॉइड फोन आपल्यातली ॲप्स नव्या सिस्टिमला जुळतील अशी पुन्हा तयार करून घेतो, फोटो आणि फायलींची शोधसूची नव्याने बनवतो, शिवाय प्ले स्टोअरवरून ॲप्सची अपडेट उतरू लागतात ती वेगळीच. फॅमिली ग्रुपवरच्या ‘शुभ सकाळ’च्या हजारो चित्रांनी गच्च भरलेल्या फोनला हे आवरायला जास्त वेळ लागणार, हे उघड आहे. अपडेटनंतर बॅटरीवर तात्पुरता परिणाम होणे स्वाभाविक आहे, असे ॲपलही आपल्या ग्राहकांना सांगते. त्यात आणखी एक गोम आहे. पडद्यावर दिसणारा टक्क्यांचा आकडा हा फोनने केलेला अंदाज असतो, टाकीत काठी बुडवून घेतलेले माप नव्हे. अपडेटमध्ये अंदाजाची रीत बदलली की बॅटरी तीच राहून आकडा बदलतो. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ ने आयफोन ११ मालिकेतल्या फोनांच्या बॅटरीच्या आरोग्याचे माप नव्याने काढायला सुरुवात केली, ती आधीचा अंदाज काही फोनांवर चुकत होता म्हणूनच.

आठवडा उलटला तरी फरक पडला नाही, तर मात्र दुसरीकडे पाहायला हवे, आणि पहिली जागा म्हणजे रेंज. देशात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, तेव्हा अनेकांच्या हातातल्या फोनांत ५जीची सोय होती, पण ती बंद होती. कंपन्यांनी ती अपडेटमधून उघडली. आयफोनवर हे डिसेंबर २०२२ च्या आयओएस १६.२ ने झाले, आणि नांदेड-वाघाळा शहरात जिओचे ५जी आले जानेवारी २०२३ मध्ये. आता ज्याने हिवाळ्यात अपडेट घेतले आणि ज्याची बॅटरी त्यानंतर आटू लागली, त्याचा संशय साहजिकच अपडेटवर गेला. एका अर्थाने तो बरोबरही होता. पण बॅटरी खात होता तो सतत ५जी आणि ४जीमध्ये ये-जा करणारा रेडिओ. अपडेटने फक्त दार उघडून दिले. टॉवर लांब असला की फोन आपला आवाज चढवतो, म्हणजे जास्त शक्तीने संदेश पाठवतो, आणि टॉवर सापडलाच नाही तर शोधत राहतो. किनवट-माहूरच्या डोंगरात किंवा बालाघाटच्या घड्यांमधल्या गावांत खिशात नुसता पडून राहिलेला फोनही दुपारपर्यंत अर्धा होतो, तो यामुळे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचे उदाहरण घ्या. बांधावर उभे राहून ॲप उघडायचे, जीपीएस चालू, कॅमेरा चालू, उन्हात दिसावे म्हणून पडदा पूर्ण उजळ, आणि रेंज एक काडी. याहून बॅटरीखाऊ काम शोधून सापडणार नाही. त्यातच ॲपची नवी आवृत्ती घ्यावी लागली की बोल तिलाच लागतो.

सगळ्यांत दुर्लक्षित कारण आहे ऊन, आणि आपल्याकडे तेच सगळ्यांत मोठे आहे. फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, त्याहून जास्त उष्णतेत बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे ॲपल सांगते. इतर कंपन्यांच्या फोनांतही बॅटरी लिथियम-आयनचीच असते, त्यामुळे नियम सर्वांना सारखाच. नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवे नाही. लातूर पठारावर असल्याने थोडे सुखी, इतकेच. हा आकडा सावलीतला. मोटारसायकलच्या हँडलवर लावलेल्या किंवा ट्रॅक्टरवर उन्हात पडलेल्या फोनचे तापमान याच्या कितीतरी वर जाते. बॅटरीविषयक संदर्भांत नेहमी दिले जाणारे आकडे बोलके आहेत. पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी वर्षभर २५ अंशांत ठेवली तर तिची क्षमता सुमारे ८० टक्क्यांवर येते, ४० अंशांत ठेवली तर सुमारे ६५ टक्क्यांवर. तीच बॅटरी ४० अंशांतच, पण ४० टक्केच भरून ठेवली, तर सुमारे ८५ टक्के क्षमता शिल्लक राहते. म्हणजे नासाडी होते ती उष्णता आणि भरलेपण एकत्र आल्यावर. लाइट कधी जाईल याचा नेम नसला की माणूस फोन शंभरावर ठेवणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण उशीखाली, पत्र्याच्या खोलीत, रात्रभर चार्जरला लावलेला फोन नेमके हेच दोन्ही एकत्र आणतो. सुरक्षेची छोटी अपडेट वर्षभर येत राहतात. त्यातले एखादे मेमध्ये येते, आणि मार्चपासून झिजत आलेल्या बॅटरीचे खापर त्याच्यावर फुटते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: कंपन्या नवा फोन खपवण्यासाठी अपडेटमधून जुना फोन मुद्दाम मारतात. याला आधार आहे. ॲपलने २०१७ च्या सुरुवातीच्या आयओएस १०.२.१ पासून जुनी बॅटरी असलेल्या आयफोनांचा वेग अपडेटमधून कमी केला होता, आणि त्याची कबुली डिसेंबर २०१७ मध्ये, बाहेर बोभाटा झाल्यावर दिली. ग्राहकांना न सांगता हे केले म्हणून फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोचा दंड झाला. त्याआधी २०१८ मध्ये इटलीने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला होता. पण या प्रकरणाचा तपशील काय सांगतो? झिजलेली बॅटरी एकाएकी लागणारी जास्त वीज देऊ शकत नव्हती, फोन अचानक बंद पडत होता, म्हणून प्रोसेसरचा वेग दाबला गेला. बॅटरी बदलली की वेग परत येत होता, आणि म्हणूनच ॲपलला बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. लपवाछपवी अक्षम्यच होती, पण मूळ दुखणे झिजलेल्या बॅटरीचेच होते. गूगलचे उदाहरण मात्र लोकांच्या संशयाला जास्त जवळचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए या फोनला आलेल्या अपडेटने काही फोनांची बॅटरी क्षमता खरोखरच कमी केली. त्यांच्यासाठी मोफत बॅटरी बदलून देण्याची किंवा भरपाईची योजनाही कंपनीने आणली. अपडेट कधीच दोषी नसते, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

सरळसरळ चुकाही होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ तापू लागले, तेव्हा आयओएस १७ मधला दोष आणि इन्स्टाग्रामसारखी काही ॲप्स, दोन्हींकडे ॲपलने बोट दाखवले, आणि दोष दुरुस्त झाला तो आयओएस १७.०.३ या पुढच्या अपडेटने. ‘अपडेट करूच नका’ हा गावोगावी मिळणारा सल्ला इथेच गोत्यात येतो. चूक अपडेटने आली तरी दुरुस्तीही त्याच वाटेने येते. शिवाय त्याच फोनमध्ये आपले यूपीआय, बँकेचे ओटीपी आणि आधार असतात. सुरक्षेची भगदाडे उघडी ठेवून वाचवलेली बॅटरी फार महाग पडू शकते.

बाकी घरगुती उपायांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. मागे उघडी असलेली ॲप्स सतत झटकून बंद केल्याने चार्जिंग वाचत नाही. ॲपलचे क्रेग फेडेरिगी आणि गूगलचे हिरोशी लॉकहायमर यांनी २०१६ मध्येच हे सांगितले आहे. बॅटरी दर वेळी शून्यावर आणून भरायची, ही सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली. लिथियमला तिचा तोटाच होतो. काळ्या पडद्याचा, म्हणजे डार्क मोडचा, फायदा फक्त ओएलईडी पडद्यावर होतो. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात उजेड ३० ते ५० टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्के वीज वाचली, पण उजेड पूर्ण असताना ३९ ते ४७ टक्के. म्हणजे उन्हात काम करणाऱ्याला तो खरोखर उपयोगी आहे, घरात बसणाऱ्याला फारसा नाही.

तेव्हा अपडेटनंतर आठवडाभर थांबा. मग सेटिंग्जमधले बॅटरीचे पान उघडून कोण किती खाते ते पाहा. एकच ॲप वर आले असेल तर ते अपडेट करा किंवा काढून टाका. रेंज कमकुवत असेल तर काही दिवस फोन ४जीवर ठेवा. बॅटरीचे आरोग्य ८० टक्क्यांखाली गेले असेल तर नवा फोन घेण्याआधी बॅटरी बदला. फोन वॉरंटीत असेल आणि कंपनी दाद देत नसेल, तर त्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आयओएस १८ च्या अपडेटनंतर फोन नीट चालत नसल्याच्या अशाच तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये ॲपलला नोटीस बजावली होती. हेल्पलाइनवरची तक्रार मराठीतूनही नोंदवता येते.