क्वीअर असणं म्हणजे काय? बाबासाहेबांनी लढवलेल्या एका खटल्यापासून समजून घेऊ

वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यातच आई-वडील, आजी, भावंडं; संडास मजल्यावर सामाईक. फोनवर हळू बोललेलंही शेजारी ऐकू जातं. अशा घरात एखाद्या मुलाला कळतं, की आपल्याला मुली नाही, मुलं आवडतात. किंवा मुलगी म्हणून वाढवलेल्या कुणाला आतून पक्कं ठाऊक असतं, की आपण मुलगा आहोत. हे सांगायचं कुणाला? मग तो मुलगा जयंतीच्या मिरवणुकीत नाचतो, विहारात वंदना घेतो आणि घरात लग्नाचा विषय निघाला की गॅलरीत जाऊन उभा राहतो.

हा विषय काढला की आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "ही श्रीमंतांची, परदेशी थेरं आहेत. आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो खुद्द बाबासाहेबांपासून आहे.

१९३४ चा खटला

र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक मुंबईतून चालवत. वाचक त्यांना लैंगिक जीवनाविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे छापील उत्तरं देत. या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली कर्व्यांचं वकीलपत्र घेऊन उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनातल्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर मिळालं पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. समलिंगी आकर्षणाच्या मुद्द्यावर त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी ज्या विषयावर बाबासाहेब भर कोर्टात बोलले, त्यावर आज आपण गप्प का?

आधी शब्द समजून घेऊ

शरीराचं लिंग, लिंगभाव आणि लैंगिक कल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मावेळी शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी ठरवतात. लिंगभाव म्हणजे माणूस स्वतःला आतून काय समजतो. लैंगिक कल म्हणजे त्याला कुणाविषयी आकर्षण वाटतं.

आपल्याच लिंगाच्या व्यक्तीचं आकर्षण असणारे समलिंगी, म्हणजे गे किंवा लेस्बियन. स्त्री-पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटू शकतं, ते बायसेक्शुअल. जन्मावेळी दिलेली ओळख ज्यांना आपली वाटत नाही, ते ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी. ज्यांची शरीररचनाच स्त्री-पुरुष या साच्यात बसत नाही, ते इंटरसेक्स. या सगळ्यांसाठी मिळून 'क्वीअर' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द पूर्वी हिणवायला वापरत. त्याच लोकांनी तो अभिमानाने घेतला. पँथरच्या पिढीने याच वरळीत 'दलित' हा शब्द ताठ मानेने उच्चारला, त्यांच्या वारसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

धम्म काय सांगतो?

पंचशीलातलं तिसरं शील कामवासनेतला दुराचार टाळायला सांगतं. फसवणूक, जबरदस्ती, दुसऱ्याला दुःख देणं हा दुराचार. दोन सज्ञान माणसांचं परस्परसंमतीचं प्रेम त्यात कसं बसेल? विनयपिटकाच्या पाराजिक विभागात एका भिक्खूला स्त्रीची लक्षणं प्राप्त झाल्याचा प्रसंग आहे. तथागतांनी तिला संघाबाहेर काढलं नाही. पूर्वीची उपसंपदा आणि वर्षं कायम ठेवून भिक्खुणींमध्ये राहण्याची अनुज्ञा दिली. त्याच विनयात 'पंडक' म्हटलेल्यांना उपसंपदा नाकारली आहे, हेही लपवायचं कारण नाही. तो भिक्खू संघातल्या प्रवेशाचा नियम आहे. आणि केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, हे कालाम सुत्त आपल्याला शिकवतंच.

संविधानाची बाजू

१५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात आपला लिंगभाव आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या गुन्ह्यातून वगळले. त्या निकालाचा एक मोठा आधार होता 'संवैधानिक नैतिकता'. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेला विचार. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. लढा बाकी आहे.

आपण काय करायचं?

मुंबईत २००८ पासून क्वीअर आझादी मार्च निघत आला आहे. तिथे जाणाऱ्या आपल्या मुलांना जातीचा प्रश्न सुटत नाही, आणि वस्तीत परतल्यावर लिंगभावाचा. हे दुहेरी ओझं कमी करणं आपल्या हातात आहे. कवयित्री दिशा पिंकी शेख या पारलिंगी कार्यकर्त्या २०१९ साली वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या; राजकारणात वाट निघते, तर विहारात का नाही?

सुरुवात साधी आहे. 'छक्का', 'हिजडा' हे शब्द शिवी म्हणून वापरणं बंद करा. कुणी विश्वासाने सांगितलं, तर ते त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांनाही सांगू नका. जयंतीच्या व्याख्यानमालेत एक दिवस या विषयाला द्या, आणि बोलायला क्वीअर व्यक्तीलाच बोलवा. लग्नासाठी कुणावरही जबरदस्ती होत असेल, तर मध्ये पडा.

चाळीच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, १६० फुटांची खोली ५०० फुटांची होते आहे. गॅलरीत एकटं उभं राहणाऱ्या त्या मुलासाठी नव्या घरात जागा निघाली, तरच ते घर खरं मोठं झालं म्हणायचं.

जय भीम!