धनादेशाच्या पाठीवरची सही

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च १९२७ रोजी प्राशन केले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळात, १९२५ ते १९२८ या वर्षांत, ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. वचनचिठ्ठी, विनिमयपत्र आणि धनादेश यांचा १८८१ चा कायदा हा या विषयाचा गाभा. तो आजही लागू आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये. तरीही हक्क कागदावरच राहिला होता. व्यापारी कायद्याच्या अध्यापकाला यात नवल वाटले नसावे! धनादेशाच्या पाठीवर दुसऱ्याचे नाव लिहून सही करणे म्हणजे पृष्ठांकन. पण केवळ सहीने हस्तांतरण होत नाही. तो कागद त्या व्यक्तीच्या स्वाधीन करावा लागतो. समजा, वडिलांनी पाठीवर सही करून वचनचिठ्ठी कपाटात ठेवली आणि त्यांचे निधन झाले. मुलाने ती नुसती नेऊन दिली, तर कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरण झालेच नाही. वारसाला स्वतः नव्याने पृष्ठांकन करावे लागते.

नुसती सही केली, नाव लिहिले नाही, तर ते कोरे पृष्ठांकन. मग तो कागद ज्याच्या हाती जाईल, तो रक्कम मागू शकतो. रकमेच्या काही भागापुरते पृष्ठांकन चालत नाही. शिवाय सही करणारा मोकळा होत नाही. पैसे न मिळाल्यास, तशी सूचना मिळाल्यावर त्याला भरपाई करावी लागते. ही जबाबदारी नको असेल, तर सहीसोबत तसे स्पष्ट शब्दांत लिहावे. मैत्रीखातर मागे सही करणाऱ्यांना हे सहसा उशिरा कळते. ‘अकाउंट पेयी’ रेखांकित धनादेशाची रक्कम अन्य कोणाच्या खात्यात जमा करण्यास मात्र रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्यामुळे धनादेशांपुरता हा प्रश्न आता क्वचित उद्भवतो. वचनचिठ्ठ्यांचा कायम आहे.

खरी मेख विमोचनात, म्हणजे जबाबदारीतून सुटण्यात आहे. एखाद्याने मुदतीची वचनचिठ्ठी मुदतीपूर्वीच फेडली, पण कागद परत घेतला नाही. सावकाराने तोच कागद पृष्ठांकन करून तिऱ्हाइताला विकला. त्या तिऱ्हाइताने मुदतीपूर्वी, मोबदला देऊन आणि सद्भावनेने तो घेतला असेल, तर तो ‘यथाविधि धारक’ ठरतो. देणाऱ्याच्या हक्कातील दोष त्याला बाधत नाही. म्हणजे ऋणकोने पैसे पुन्हा मोजायचे! साधी पावती येथे कामी येत नाही. कायद्याने उपाय दिलेला आहे: पैसे देण्यापूर्वी मूळ दस्तऐवज पाहण्याचा आणि दिल्यावर तो परत घेण्याचा ऋणकोला हक्क आहे. पूर्ण फेड झाली नसेल, तर दिलेली रक्कम त्याच कागदावर नोंदवून घ्यावी.

हुंडीच्या व्यवहारात ही शिस्त जुनीच. देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना १८८१ च्या कायद्यानेही धक्का लावला नाही. पैसे चुकते झालेल्या हुंडीला व्यापारी ‘खोका’ म्हणत, आणि पैसे देणारा तो आपल्यापाशी ठेवून घेत असे.