वितळलेल्या मिठाची अणुभट्टी



आमचें निमगांव केतकी विड्याच्या पानांसाठीं प्रसिद्ध असलें, तरी इंदापूर व बारामतीच्या शिवारांत ऊंसही पुष्कळ. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ मी गुऱ्हाळापासून करितों. काहिलींत रस उकळत असतो. गुळव्या वर येणारी मळी काढून टाकीत असतो. आणि पाक साधतांच काहील उतरवून तो वाफ्यांत ओततात, तेथें तो निवून घट्ट होतो. हें चित्र डोळ्यांपुढें ठेवल्यास वितळलेल्या मिठाची अणुभट्टी समजण्यास कठीण जाणार नाहीं.

नेहमींच्या अणुभट्टींत इंधनाच्या घन कांड्या असतात आणि त्यांची उष्णता पाणी वाहून नेतें. 1969 सालीं सुरू झालेलें आपलें तारापूर याच जातीचें. पाण्याला एवढें तापवावयाचें तर त्यावर मोठा दाब ठेवावा लागतो, आणि धोक्याचें एक मूळ त्या दाबांतच आहे. नव्या कल्पनेंत इंधनच मिठांत विरघळविलेलें असतें. हें स्वयंपाकघरांतील मीठ नव्हे. बहुधा लिथियम व बेरिलियम या धातूंचीं फ्लोरिनशीं झालेलीं हीं संयुगें होत. त्यांचें मिश्रण सुमारें 460 अंशांवर वितळतें आणि 1,400 अंशांच्या पुढें उकळतें. म्हणून मोठ्या दाबावांचून काम भागतें. मळीप्रमाणें निरुपयोगी द्रव्यें भट्टी चालू असतांनाच काढतां येतील, अशी अपेक्षा आहे. शिवाय तळाच्या नळींत त्याच मिठाचें बूच थंड हवेनें गोठवून ठेवतात. वीज गेली कीं तें वितळतें, आणि सर्व द्रव खालच्या टांक्यांत उतरून, वाफ्यांतील गुळाप्रमाणें, निवूं लागतो.

या भट्टीचे पुरस्कर्ते आपणांस थोरियमची आठवण देतात. केरळापासून ओडिशापर्यंतच्या किनाऱ्यांवरील वाळूंत तें विपुल आहे. तें स्वतः पेटत नाहीं; न्यूट्रॉन गिळल्यावर त्याचें युरेनियम-233 होतें, आणि तें इंधन म्हणून चालतें. डॉ. होमी भाभा यांच्या तीन टप्प्यांच्या योजनेंतील शेवटचा टप्पा थोरियमचाच. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेंही थोरियमवर चालणाऱ्या मिठाच्या भट्टीची कल्पना मांडलेली आहे.

मग अडलें कोठें? आक्षेप घेणारे म्हणतात, प्रयोग नवा नाहीं. अमेरिकेंत ओक रिज येथें 1965 ते 1969 या काळांत अशी एक लहान भट्टी सुमारें 650 अंशांवर चालली. 1968 सालीं तींत युरेनियम-233 देखील वापरण्यांत आलें. परंतु तिनें वीज निर्माण केली नाहीं. पुढें तिच्या निकेलच्या खास मिश्रधातूवर बारीक चिरा आढळल्या. बंद करून ठेवलेल्या मिठांतून फ्लोरिन व युरेनियम सुटून अन्यत्र जमत असल्याचें तर 1994 सालीं उघडकीस आलें. चीननें गान्सू प्रांतांत ऑक्टोबर 2023 मध्यें 2 मेगावॉट उष्णतेची भट्टी पेटविली, तीही प्रयोगाचीच.

माझ्या मतें वादाचें मर्म येथें आहे. प्रश्न पाकाचा नसून काहिलीचा आहे. धगधगतें, किरणोत्सर्गी मीठ तीस-चाळीस वर्षें झेलील असें भांडें, आणि भट्टी विझल्यावर त्या मिठाची निरवानिरव, या दोन गोष्टी कोणी सिद्ध करून दाखविलेल्या नाहींत. त्या बोलण्यानें सिद्ध होत नाहींत. त्यांना वर्षें द्यावीं लागतात. म्हणून ट्रॉम्बेचें संशोधन नेटानें चालावें, हें मला मान्य आहे.

पण रात्रींच्या पाळीस वीज येते म्हणून कंदील घेऊन विहिरीवर जाणारे शेतकरी मीं पाहिलेले आहेत. त्यांच्यांतील कित्येक माझे विद्यार्थी होते. त्यांना 'पुढें थोरियम येणार आहे' असें सांगून आज स्वस्थ बसविणें न्यायाचें नव्हे. त्यांची गरज आज हातीं असलेल्या साधनांनींच भागविली पाहिजे. आशा वहीच्या समासांत अवश्य लिहावी. मात्र तिची रक्कम शिलकेंत धरूं नये.