द्यूतसभेतील फासे

महाकाव्याचा अर्थ सांगताना त्यातील प्रत्येक पात्रापुढे एकेक तत्त्व मांडून कोष्टक पुरे करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पाच पांडव म्हणजे पंचेंद्रिये, द्रौपदी म्हणजे बुद्धी, कुरुक्षेत्र म्हणजे हा देह आणि श्रीकृष्ण म्हणजे अंतरात्मा, असे निरूपण कीर्तनाच्या उत्तररंगात ऐकताना श्रोत्याला समाधान वाटते, आणि त्या समाधानाचा अनादर करण्याचे काहीच कारण नाही. पाश्चात्त्य पंडितांनीही एकोणिसाव्या शतकात हाच मार्ग निराळ्या वेषात चोखाळला. आल्फ्रेड लुडविग यांना पाच पांडवांत ऋतू आणि कृष्णवर्ण द्रौपदीत श्यामल पृथ्वी दिसली; योझेफ डालमान यांना पाच भावांच्या एका पत्नीत अविभक्त कुटुंबाच्या सामाईक मिळकतीचे रूपक आढळले. या सर्व अर्थांवर माझा आक्षेप एकच आहे, आणि तो असा की कोष्टक एकदा तयार झाले म्हणजे काव्याची गरज उरत नाही. द्रौपदीच्या जागी बुद्धी ठेवली की मग भर सभेत केस धरून ओढली गेलेली स्त्री कोठे जाते, याचे उत्तर त्या कोष्टकात मिळत नाही.

खरे प्रतीक निराळ्या रीतीने जन्माला येते. कथेत एखादी वस्तू प्रथम केवळ वस्तू म्हणून येते, तिचे तेथे काही साधे व्यावहारिक काम असते; पुढे ती पुन्हा येते तेव्हा मागचा प्रसंग तिला चिकटलेला असतो, आणि अशा चारसहा पुनरागमनांनंतर तिच्या नुसत्या उल्लेखाने वाचकाच्या मनात सगळा इतिहास जागा होतो. व्यासांच्या महाभारतात असे सामर्थ्य ज्या वस्तूंना लाभले आहे त्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतात ते द्यूताचे फासे.

सभापर्वातील प्रसंग सर्वांच्या परिचयाचा असला तरी मूळ संहितेत तो वाचताना काही गोष्टी नव्याने ध्यानात येतात. युधिष्ठिराला बोलावणे जाते ते धृतराष्ट्राच्या हुकमाने, आणि ते घेऊन जातो या खेळाला मनापासून विरोध असलेला विदुर. पण दुर्योधनाचा आणि फासे टाकणार त्याचा मुखत्यार शकुनी, ही व्यवस्था गैर आहे अशी हरकत युधिष्ठिर आरंभीच नोंदवतो आणि तरीही खेळायला बसतो. त्यानंतर धन, रथ, दासदासी, हत्तीघोडे, राज्य, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः युधिष्ठिर आणि शेवटी द्रौपदी, असे एकामागून एक पण लागत जातात, आणि प्रत्येक पणानंतर आपण जिंकल्याचे तेच लहानसे वाक्य शकुनीच्या तोंडून बाहेर पडते. आंधळा धृतराष्ट्र द्रौपदीच्या पणाच्या वेळी आपला आनंद लपवू न शकल्याने, काय जिंकले, जिंकले का, असे पुन्हा पुन्हा विचारतो, आणि विदुर दोन्ही हातांत मस्तक धरून खाली मान घालतो.

येथे शकुनीने कपट केले असे व्यास अनेकदा बजावतात. परंतु ते कपट नेमके कसे केले, हे मात्र ते कोठेही सांगत नाहीत. ही उणीव लोकपरंपरेला सहन झाली नाही, म्हणून शकुनीच्या बापाच्या हाडांपासून बनवलेल्या फाशांची कथा पुढे रूढ झाली; व्यासांच्या ग्रंथात तिला आधार नाही. माझ्या मते कवीचे हे मौन हेतुपुरस्सर आहे. फासा हातातून सुटल्यापासून पडेपर्यंतच्या त्या क्षणात कौशल्य किती, लबाडी किती, दैव किती आणि खेळणाऱ्याचे व्यसन किती, याचा हिशेब कोणालाच मांडता येत नाही. महाभारताच्या सर्व मोठ्या प्रश्नांचे स्वरूपही नेमके असेच आहे. हातचलाखीचा खुलासा कवीने केला असता तर शकुनी एक भामटा ठरला असता आणि इतर सर्वजण निर्दोष सुटले असते.

या अनिश्चिततेला पहिले आव्हान देते ती द्रौपदी. तिला आणण्यासाठी पाठवलेल्या प्रतिकामीला ती परत धाडते आणि एवढेच विचारून यायला सांगते की युधिष्ठिराने आधी कोणाला गमावले, स्वतःला की मला? जो स्वतःच दास झाला त्याचा पत्नीवर पण लावण्याचा हक्क उरतो काय, अशी ही शुद्ध कायद्याची फिर्याद आहे. भीष्म म्हणतात की स्वामित्व गेलेल्याला परक्याची वस्तू पणाला लावता येत नाही हे खरे, परंतु पत्नी पतीच्या अधीन असते हेही खरे. धर्माची गती सूक्ष्म आहे. कौरवांतला विकर्ण उठून तिच्या बाजूने बोलतो आणि कर्ण त्याला गप्प करतो. निवाडा अखेरपर्यंत होत नाही. राजगृहात कोल्हा ओरडतो, धृतराष्ट्र भयभीत होऊन वर देऊ करतो, द्रौपदी दोन वरांत पतींचे दास्य फेडते आणि तिसरा वर नाकारते. खेळ संपतो, प्रश्न तसाच राहतो, आणि थोड्याच वेळात अनुद्यूताच्या, म्हणजे पुन्हा मांडलेल्या खेळाच्या, एका डावावर बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास ठरतो.

आता फाशांची पुढची वाटचाल पाहावी. वनात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात. तीत कली नळाच्या देहात शिरतो आणि द्वापर फाशांत शिरतो. कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही जशी युगांची तशीच द्यूतातल्या दानांचीही नावे आहेत, आणि आदिपर्वानुसार दुर्योधन हा कलीचा व शकुनी हा द्वापराचा अंश आहे; तेव्हा त्या सभेत दोन घराण्यांबरोबर काळही डावावर लागला होता, असा अर्थ केला तर तो ग्रंथाबाहेरून आणलेला ठरत नाही. प्राचीन काळी बेहड्याची फळे फासे म्हणून वापरीत. नळाला सोडून बाहेर पडलेला कली बेहड्याच्या झाडातच आश्रय घेतो. कथा संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला अक्षविद्येचे रहस्य देतात, आणि ज्या खेळाने सर्वनाश केला तोच विराटाच्या दरबारी कंक या नावाने त्याच्या उपजीविकेचे साधन होतो. तेथे कंकाने बृहन्नडेची, म्हणजे वेष पालटलेल्या अर्जुनाची, स्तुती केल्यामुळे संतापलेला विराट हातातला फासा त्याच्या तोंडावर मारतो, नाकातून रक्त येते, आणि ते जमिनीवर पडू नये म्हणून सैरंध्री सुवर्णपात्रात झेलते. एका द्यूतसभेत जिला फाशांनी दासी ठरवले, तीच आज दासीच्या वेषात फाशाने काढलेले रक्त झेलून एका राज्याला विनाशातून वाचवते. या प्रसंगावर भाष्य करणारे एक वाक्यही व्यासांनी लिहिलेले नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही.

त्याच विराटपर्वात अश्वत्थामा कौरवांना सुनावतो की गांडीव धनुष्यातून कृत किंवा द्वापर अशी दाने पडत नसतात, तेथून जळते बाण येतात. द्रोणपर्वात जयद्रथाच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहिल्यावर द्रोणाचार्य दुर्योधनाला सांगतात की कुरुसभेत शकुनी ज्यांना फासे समजून टाकत होता ते वस्तुतः बाणच होते; आता सेना हीच द्यूत खेळणारी, बाण हेच फासे आणि जयद्रथ हाच पण. प्रतीकाचा अर्थ येथे काव्यानेच आपल्या एका पात्राच्या मुखाने उघड केला आहे, आणि तोही अशा माणसाच्या मुखाने, की जो त्या सभेत बसला होता आणि गप्प राहिला होता. गीतेच्या दहाव्या अध्यायात छळ करणाऱ्यांतील द्यूत ते मी, असे भगवान म्हणतात, ते या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे अंगावर काटा येतो.

अर्थनिर्णयाआधी पाठनिर्णय हवा, ही शिस्त आपल्याला लावून दिली ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने. १९१९ साली सुरू झालेली आणि बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासून १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती पाहिली तर वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने केलेला श्रीकृष्णाचा धावा मुख्य संहितेत आढळत नाही. वस्त्रामागून वस्त्र प्रकट होते, पण ते कोण पुरवतो हे सांगितलेले नाही. धावा असलेल्या पाठात तो प्रसंग भक्तीचा होतो आणि त्या रूपात त्याने पिढ्यान्‌पिढ्या असहायांना धीर दिला आहे. धावा नसलेल्या पाठात सर्व भार पुन्हा द्रौपदीच्या प्रश्नावर येतो. दोन्ही अर्थ आदरणीय आहेत, मात्र एका पाठाचा पुरावा दुसऱ्या अर्थासाठी देणे हा अन्याय आहे. या आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णू सीताराम सुकथनकर यांनी आयुष्याच्या अखेरीस महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने लिहिली आणि व्यावहारिक, नैतिक व पारमार्थिक अशा तीन पातळ्यांवर हे काव्य वाचावे असे प्रतिपादन केले; जानेवारी १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे चौथे व्याख्यान द्यायचे राहून गेले. वरच्या पातळीचा अर्थ खालच्या पातळीला बेदखल करीत नाही, हे त्यांच्या विवेचनातून मी घेतलेले मर्म आहे. कोपरगावहून काशीस जाऊन सतराव्या शतकात भारतभावदीप ही टीका लिहिणाऱ्या नीलकंठ चतुर्धरांनी ठिकठिकाणी आध्यात्मिक अर्थ सांगितला, तोही ओळीओळीचा शब्दार्थ लावण्याचे कष्ट घेऊन.

तेव्हा वाचकांना माझी विनंती अशी की फाशांचा किंवा अन्य कशाचाही अर्थ दुसऱ्या कोणाकडून, माझ्याकडूनही, स्वीकारण्यापूर्वी सभापर्वातील द्यूत आणि अनुद्यूत, वनपर्वातील नलोपाख्यान, विराटपर्वातील कंकाचा प्रसंग आणि द्रोणपर्वातील द्रोणांचे ते भाषण या क्रमाने स्वतः वाचून पाहावे. संस्कृत येत नसेल तर चिपळूणकर आणि मंडळींनी प्रसिद्ध केलेल्या मराठी भाषांतराचे खंड आपल्या गावच्या जुन्या ग्रंथालयात मागावेत.