नाडगाव ते राष्ट्रपती भवन : एका कारकिर्दीच्या पायऱ्या

राजकारणी माणूस 'वर गेला' असे आपण सहज म्हणतो. पण वर जाताना प्रत्येक पदाचा दरवाजा वेगळा असतो आणि तो उघडणारे हातही वेगळे असतात. आमदाराला गावचा मतदार निवडतो, मंत्र्याला मुख्यमंत्री निवडतो, राज्यसभेच्या खासदाराला आमदार निवडतात, राज्यपालाला केंद्र सरकारच्या सल्ल्याने राष्ट्रपती नेमतात आणि राष्ट्रपतीला देशभरचे आमदार-खासदार मिळून निवडतात. हे सगळे दरवाजे एकाच आयुष्यात ओलांडलेली व्यक्ती जळगाव जिल्ह्याने देशाला दिली. प्रतिभाताई पाटील यांची कारकीर्द क्रमाने पाहिली, तर आपली लोकशाही आतून कशी चालते हे नीट कळते.

सुरुवात : जळगावचे तिकीट

प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ रोजी बोदवडजवळच्या नाडगावचा. वडील नारायणराव वकील. शिक्षण जळगावच्या आर. आर. विद्यालयात आणि मूळजी जेठा महाविद्यालयात झाले, पुढे कायद्याची पदवी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून घेतली. त्यानंतर जळगावच्या न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली.

त्या काळचा खानदेश काँग्रेसचा होता. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत स्वातंत्र्यलढ्यातून घडलेले कार्यकर्ते गावोगाव होते. १९६२ साली संयुक्त महाराष्ट्राच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा काँग्रेसने जळगावमधून या तरुण वकील मुलीला उमेदवारी दिली. आमदार होण्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रतिभाताई सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि त्या निवडून आल्या.

पाया : एदलाबादचा मतदारसंघ

१९६७ पासून त्यांनी एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, हा मतदारसंघ धरला. तापी-पूर्णेचा संगम, चांगदेव, मुक्ताईचे देवस्थान, कपाशी आणि केळीचा हा मुलूख. १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चार निवडणुका त्यांनी तेथून जिंकल्या. जळगावची एक धरून आमदारकीच्या एकूण पाच खेपा, तेवीस वर्षे.

एकाच मतदारसंघातून पुन्हा पुन्हा निवडून येण्याचे मोल काय? मंत्रिमंडळ ठरवताना मुख्यमंत्र्याला अनुभव हवा असतो, आणि कामकाजाचे नियम माहीत असलेला आमदार सभागृहात उपयोगी पडतो. दर खेपेला जागा राखणारा आमदार पक्षाला मुंबईतही लागतो आणि जिल्ह्यातही. ज्याची स्वतःची जागा डळमळीत, त्याला पक्ष फार पुढे नेत नाही. पुढे याच भागातून एकनाथ खडसे १९९० पासून सलग सहा वेळा निवडून आले आणि अर्थ, महसूल यांसारख्या मोठ्या खात्यांपर्यंत पोहोचले. पक्ष वेगळा असला तरी पाया तोच होता.

मंत्रिपद : उपमंत्री ते कॅबिनेट

१९६७ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी त्यांना उपमंत्री केले. मंत्रिमंडळात तेव्हा तीन थर असत. उपमंत्री वरिष्ठ मंत्र्याला मदत करत, त्यांच्या वर राज्यमंत्री आणि सर्वांत वर कॅबिनेट मंत्री. कॅबिनेट मंत्रीच मंत्रिमंडळाच्या बैठकीत हक्काने बसतो. सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, गृहनिर्माण, पर्यटन अशा विषयांचे काम त्यांनी पाच वर्षे उपमंत्री म्हणून शिकून घेतले. १९७२ मध्ये त्या समाजकल्याण खात्याच्या कॅबिनेट मंत्री झाल्या. पुढे आरोग्य, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य आणि शिक्षण ही खाती त्यांच्याकडे आली.

राज्यघटनेनुसार मंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात, पण मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. म्हणून मंत्रिपद हे मतदाराने दिलेले पद नव्हे. मतदार माणसाला सभागृहापर्यंत नेतो, तिथून पुढचे पक्षनेतृत्व ठरवते.

विरोधी बाकावर

जुलै १९७८ मध्ये शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. काँग्रेस फुटली होती. त्या पडझडीत प्रतिभाताई इंदिरा गांधींबरोबर राहिल्या. जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० या काळात त्या विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या होत्या. या पदाला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो, पण हाती खाते नसते. सरकारला प्रश्न विचारणे, अर्थसंकल्पावर हिशेब मागणे, आपल्या आमदारांना एकत्र धरणे हे त्याचे काम.

१९८० साली इंदिरा काँग्रेस सत्तेत परतली, पण मुख्यमंत्रिपद बॅरिस्टर अंतुले यांच्याकडे गेले. विरोधी पक्षनेत्यालाच पुढे मुख्यमंत्री करावे असा कोणताही नियम नाही. प्रतिभाताई १९८२ मध्ये पुन्हा मंत्री झाल्या. नगरविकास, गृहनिर्माण, नागरी पुरवठा, समाजकल्याण ही खाती त्यांनी १९८५ पर्यंत सांभाळली.

संस्थांचे जाळे

महाराष्ट्रात राजकारण फक्त सभागृहात घडत नाही. शाळा, महाविद्यालय, सहकारी बँक, साखर कारखाना यांतून नेत्याचा माणसांशी रोजचा संबंध राहतो. नोकरी, प्रवेश, कर्ज, ऊस यांसाठी लोक संस्थेकडे येतात आणि संस्थेतून नेत्याकडे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी प्रतिभाताईंच्या श्रम साधना ट्रस्टचे अभियांत्रिकी महाविद्यालय जळगावजवळ, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरील बांभोरीला उभे राहिले. खानदेशच्या मुलांना इंजिनिअर होण्यासाठी घराजवळ एक वाट मिळाली.

सहकाराची बाजू मात्र तितकी उजळ नाही. प्रतिभाताईंच्या नावाची महिला सहकारी बँक जळगावात निघाली. रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये तिचा परवाना रद्द केला. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संत मुक्ताबाई सहकारी साखर कारखान्याचे कर्ज थकले. २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधकांनी हे दोन्ही मुद्दे लावून धरले. सहकारी संस्थेचा खरा मालक सभासद असतो, आणि संचालक मंडळावर नजर ठेवणे हा त्याचा हक्क आहे. मोठ्या नावाच्या भरवशावर सभासद गाफील राहिले की नुकसान ठेवीदाराचे आणि ऊस उत्पादकाचे होते. या कारकिर्दीतून खानदेशने घ्यावा असा हा एक धडा आहे.

राज्यसभा : आमदारांची मते

१९८५ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्या जागांसाठी आमदार पसंतीक्रमाने मत देतात. समजा जागा सहा आहेत आणि सर्व २८८ आमदारांनी मत दिले. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात, म्हणजे एकूण २८,८००. याला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे सातने भागायचे आणि एक मिळवायचा. कोटा येतो ४,११५. पहिल्या पसंतीची ४२ मते मिळाली की उमेदवार सुरक्षित.

१९८६ मध्ये सभागृहाने त्यांना उपसभापती निवडले. उपराष्ट्रपती हेच राज्यसभेचे सभापती असतात. २५ जुलै १९८७ रोजी उपराष्ट्रपती वेंकटरमण राष्ट्रपती झाले आणि सभापतीची खुर्ची रिकामी झाली. शंकरदयाळ शर्मा ती जागा घेईपर्यंत, सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, सभापतीचे काम प्रतिभाताईंनी पाहिले. १९८८ मध्ये उपसभापतिपद सोडून त्या प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. १९९१ मध्ये सासरच्या अमरावतीतून त्या लोकसभेवर निवडून आल्या. जनतेकडून थेट मत मागण्याची ही त्यांची शेवटची निवडणूक ठरली.

राजभवन : सहीचा अधिकार

नोव्हेंबर २००४ मध्ये त्या राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या. विधानसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांच्या संमतीशिवाय कायदा होत नाही. घटनेच्या २०० व्या कलमानुसार राज्यपाल संमती देऊ शकतात, ती रोखू शकतात, विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. वसुंधरा राजे सरकारने आणलेले धर्मांतरविरोधी विधेयक प्रतिभाताईंनी २००६ मध्ये परत पाठवले. एरवी शोभेचे वाटणारे पद अशा वेळी किती वजनदार असते, ते तेव्हा दिसले.

राष्ट्रपतिपद : मतांचे गणित

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत प्रत्येक आमदाराच्या मताला त्याच्या राज्याच्या लोकसंख्येनुसार मूल्य असते. त्यासाठी १९७१ ची जनगणना धरतात. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार होती. तिला २८८ ने भागून पुन्हा हजाराने भागले की १७५ येतात. म्हणजे मुक्ताईनगरच्या आमदाराचे मत १७५ चे, आणि धुळ्याच्या आमदाराचेही तेवढेच. २००७ मध्ये देशातील सर्व आमदारांच्या मतांचे मूल्य ५,४९,४७४ होते. त्याला ७७६ खासदारांनी भागले की एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ येते. अशा रीतीने राज्ये आणि संसद यांचे पारडे जवळजवळ समान राहते.

मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हिप चालत नाही. शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही तिने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला, तो या चौकटीत. १९ जुलै २००७ रोजी मतदान झाले. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मूल्याची मते मिळाली, प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६. म्हणजे जवळपास ६६ टक्के मते त्यांच्याकडे आली. २५ जुलैला त्यांनी भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली आणि २५ जुलै २०१२ पर्यंत त्या पदावर राहिल्या.

राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. दयेच्या अर्जांवरचा निर्णयही त्याला अपवाद नाही. त्यांच्या काळात अनेकांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली आणि त्यावर टीकाही झाली. पण अशा निर्णयाचे श्रेय किंवा दोष देताना सल्ला देणाऱ्या सरकारकडेही बोट दाखवावे लागते.

हिशेब

पाच विधानसभा आणि एक लोकसभा, अशा सहा वेळा जनतेने प्रतिभाताईंना थेट निवडले. मंत्रिपद, राज्यसभा, राजभवन, राष्ट्रपती भवन या बाकीच्या पायऱ्या पक्षाच्या, सभागृहांच्या आणि सरकारांच्या हातून मिळाल्या. पक्षफुटीतल्या निष्ठेची भरपाई त्यांना पुढे मिळाली, हे उघड आहे. पण जळगाव-एदलाबादच्या मतदारांनी तेवीस वर्षे दिलेला पाया नसता, तर त्या निष्ठेला वजन आले नसते.

आज जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. विधानसभेत मात्र महिला आमदार दहा टक्केही नाहीत. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभा आणि लोकसभेत एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडली. तोवर वाट बघत बसण्याचे कारण नाही. खानदेशच्या गावोगावी ज्या बायका सरपंचपद, सभापतिपद स्वतःच्या हिमतीने चालवत आहेत, त्यांना पक्षांनी विधानसभेची तिकिटे द्यावीत आणि मतदारांनी ती मागावीत. १९६२ मध्ये जळगावने सत्तावीस वर्षांच्या मुलीवर विश्वास टाकला होता. तो विश्वास चुकीचा नव्हता.