लाळग्रंथीतले बिऱ्हाड

मागील लेखांकात सांध्यांचा विचार झाला. या लेखांकाचा विषय लाळग्रंथी हा आहे. कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात, शिवाय ओठांच्या व गालांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात, आणि त्या सर्व मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात.

तोंड कोरडे पडण्याची तक्रार वऱ्हाडात सहज दुर्लक्षिली जाते, कारण वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा ती कोणाचीही असू शकते; परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात, श्रावणातल्या धुक्याने भिंतींना ओल धरलेली असतानाही ज्या व्यक्तीला पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नाही, तिच्या कोरडेपणाचे कारण हवेत शोधून चालत नाही. मधुमेह, काही नित्याची औषधे आणि विदर्भात घरोघरी पोहोचलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा यांचा विचार आधी करावा लागतो, कारण खर्ऱ्याने आखडलेल्या, जळजळणाऱ्या तोंडाचे चित्र निदानाची दिशा चुकवू शकते. हे सारे बाजूला सारल्यावरही कोरडेपणा उरला आणि त्याच्या जोडीला डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल, तर शोग्रेनच्या आजाराची शंका येते.

हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची नोंद केली, आणि त्यांतील १३ जणींना संधिवातही असल्याने हा एकट्या डोळ्यांचा नव्हे तर सर्व शरीराचा आजार आहे, असे त्याने ओळखले. परीक्षकांना प्रबंध पुरेसा वाटला नाही व विद्यापीठीय अध्यापनाचा मार्ग त्याला बंद झाला. त्याच प्रबंधामुळे आज आजाराला त्याचे नाव आहे. या आजाराच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. प्रतिकारशक्तीविषयी लिहिताना सैन्याची आणि वेढ्याची उपमा हमखास वापरली जाते, आणि १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या तोफांनी तट फोडलेला गाविलगड शेजारी असलेल्या वाचकाला ती जवळचीही वाटेल. तथापि लाळग्रंथीच्या बाबतीत ती फसवी आहे. निरोगी लाळग्रंथीतही प्रतिकारपेशी असतातच. तेथील प्लाझ्मा पेशी, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी, लाळेत मिसळणारी संरक्षक प्रतिपिंडे पुरवतात. आजारात जे बदलते ते पाहुण्यांचे प्रमाण आणि यजमानाचे वर्तन. ग्रंथीच्या नलिकांचे अस्तर बनवणाऱ्या पेशी स्वतःच रासायनिक संदेश सोडून रक्तातील लसिकापेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, बोलावतात, त्यांच्यापुढे प्रथिनांचे तुकडे मांडतात आणि ‘बॅफ’ नावाचे, बी पेशींना तगवणारे द्रव्यही पुरवतात. त्यामुळे नलिकांभोवती प्रथम मुख्यतः टी पेशींचे, म्हणजे इतर पेशींना चेतवणाऱ्या वा मारणाऱ्या लसिकापेशींचे, पुंजके जमतात. आजार जुना व तीव्र होतो तसतसे प्रतिपिंडांशी संबंधित बी पेशींचे प्रमाण वाढते, आणि काही रुग्णांत ग्रंथीच्या पोटातच लसिकाग्रंथीसारखी व्यवस्थित रचना उभी राहते. हा हल्ला खरा, पण तो करणाऱ्यांनी तेथेच बिऱ्हाड थाटलेले असते आणि घरमालकाने त्यांना शिधाही दिलेला असतो.

निदानासाठी खालच्या ओठाच्या आतून, जागा बधिर करून, काही बारीक ग्रंथी काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली ५० किंवा अधिक लसिकापेशींचा एक पुंजका धरून, ४ चौरस मिलिमीटर ऊतीत असे किती पुंजके आहेत हे मोजतात. एक किंवा अधिक असल्यास ते आजाराच्या बाजूचे भक्कम प्रमाण मानले जाते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या तपासणीला आणि रक्तातील ‘अँटी-रो’ प्रतिपिंडांना प्रत्येकी ३ गुण आहेत, तर लाळेच्या मोजमापाला केवळ १.

याच मोजणीतून एक कोडे निघते. पुंजक्यांची संख्या आणि तोंडाचा कोरडेपणा यांचे गणित जुळत नाही; लाळ जवळजवळ आटलेल्या रुग्णाच्या ग्रंथीतही लाळ स्रवणाऱ्या पेशींचा मोठा भाग शाबूत दिसू शकतो. एरवी चेतातंतूंकडून आलेला संदेश या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींना मिळाला की आतले कॅल्शियम वाढते आणि पाण्याच्या सूक्ष्म वाटा खुल्या होतात. प्रतिकारपेशींनी सोडलेली द्रव्ये, व कदाचित काही प्रतिपिंडे, या साखळीत अडथळा आणत असावीत, असे अनेक संशोधक मानतात. म्हणजे पेशी जिवंत असतात, पण त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचत नाही. त्याच ग्राहींना चेतवणारे पायलोकार्पिन हे औषध अनेकांना गुण देते, ते उरलेल्या पेशींच्या बळावरच. रुग्णाला ‘ग्रंथी मेल्या’ असे सांगून वाटेला लावणे म्हणूनच शास्त्राला धरून नाही.

बिऱ्हाड मोडत नसल्याची किंमत काही रुग्णांना वेगळ्या रीतीने मोजावी लागते. वर्षानुवर्षे चेतवल्या जाणाऱ्या बी पेशींपैकी एखादीची संतती अनिर्बंध वाढू लागते आणि शंभरात साधारण पाच ते दहा रुग्णांत लसिकापेशींचा कर्करोग उद्भवतो. कानाखालची सूज महिनोन्महिने उतरत नसेल, टणक होत असेल, तर मेळघाटातल्या रुग्णानेही घाट उतरून परतवाडा किंवा अमरावती गाठणे आणि तेथे त्या गाठीची तपासणी करून घेणे पुढच्या हंगामावर ढकलू नये.