घरचा सोऱ्या : घ्यावा कसा, जपावा कसा

दिवाळीला चार दिवस होते. आमच्या शेजारच्या आक्कांनी २० किलो चकलीची मागणी घेतली होती. आक्कांच्या घरात मिळवत्या त्या एकट्याच. मुलीची परीक्षेची फी या चकलीच्या पैशातून भरायची होती. सोऱ्या नवा कोरा होता. तो घ्यायचा सल्ला आमचाच. "स्वस्त आहे, घेऊन टाका," असे आम्हीच बाजारात म्हणालो होतो.

तिसऱ्या घाण्याला दांडा नुसताच गरगर फिरू लागला. आतले पीठ जागचे हलेना. आक्का सोऱ्या हातात घेऊन आमच्या दारात आल्या. "गुरुजी, आटं गेलं की वो ह्याचं!"

आम्ही काय बोलणार? पस्तीस वर्षे मुलांना शिकवले, पण सोऱ्या पारखून घ्यावा लागतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्यानंतर आम्ही चार दुकाने पाहिली, कारागिरांना विचारले, आणि घरच्या मंडळींकडून तर पुष्कळच ऐकून घेतले. ते तुम्हाला सांगतो.

सोऱ्या म्हणजे काय ते आधी पाहू. एक नळा असतो. नळ्याच्या तळाला भोकांची चकती बसते. वरून दट्ट्या पीठ दाबतो. पिठाला जायला दुसरी वाट नसते, म्हणून ते भोकांतून बाहेर येते. भोक बारीक असले की शेव, चांदणीसारखे असले की चकली, लांबट चीर असली की पापडी. एवढेच हे यंत्र. पण ही युक्ती जगभर चालते. कोकणात तांदळाचे शिरवाळे लाकडी साच्यातून पाडतात. केरळात इडिअप्पम असेच करतात. युरोपात मांसाचा खिमा आतड्यात भरायला असेच नळा-दट्ट्याचे यंत्र वापरतात, फक्त ते मोठे असते आणि चकतीच्या जागी लांब नळी असते. आपल्या शेजारच्या गोव्यात ख्रिस्ती लोक चोरीस करतात. डुकराच्या मांसाला मीठ, मिरची, व्हिनेगर लावून ते आतड्यात भरायचे आणि दोऱ्याने बांधून माळ करायची. तिथे पुष्कळ घरी हे काम अजून हाताने होते.

आता दट्ट्या खाली जातो कशाने? जुन्या लाकडी सोऱ्यात अंगाच्या जोराने. कुरडया घालताना दोन बायका दोन बाजूंनी दाबत, ते आम्ही लहानपणी पाहिले आहे. पितळी, अ‍ॅल्युमिनियमच्या आणि स्टीलच्या सोऱ्यात मळसूत्र असते. मळसूत्र म्हणजे दांड्याला गुंडाळलेला चढ. पन्हाळ्याला पायवाटेने सरळ चढलात तर धाप लागते. गाडीरस्ता वळणे घेत जातो, अंतर वाढते, पण चढ सोपा होतो. मळसूत्राचे तसेच आहे. हात पुष्कळ फिरवावा लागतो, पण जोर कमी लागतो. हा सगळा जोर शेवटी आट्यांवर येतो. आटे म्हणजे मळसूत्राच्या कडा. म्हणून सोऱ्याचा जीव आट्यांत आहे.

आक्कांच्या सोऱ्यात काय झाले होते? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे नेला. त्याने झाकण उलटे करून दाखवले. दांडा चांगला जाड होता. पण दांडा ज्या झाकणातून जातो, ते झाकण पातळ अ‍ॅल्युमिनियमचे होते. त्यात आटे जेमतेम तीन, तेही उथळ. "ह्यो किती दाब सोसणार, गुरुजी?" तो म्हणाला. पीठ घट्ट होते, आक्कांनी जोर लावला, आणि तिन्ही आटे खरवडून निघाले. निघालेला चुरा कुठे गेला असेल? पिठात. आक्कांनी शेवटचा अर्धा किलो गोळा टाकून दिला. तो गुराला घालायला निघाल्या होत्या, आम्ही नको म्हटले. धातूचा चुरा गुरालाही वाईटच.

म्हणून दुकानात गेलात की आधी झाकण पहा. दांडा जिथून जातो ती जागा चांगली बोटभर जाड हवी. आटे खोल आणि रुंद हवेत. केसासारखे बारीक आटे लवकर झिजतात. दांडा वरपासून खालपर्यंत पूर्ण फिरवून पहा. मध्ये कुठे अडला, डगमगला, तर तो ठेवून द्या. दुकानदार म्हणेल, "वापरून सैल होईल." त्याचे ऐकू नका.

मग दट्ट्या नळ्यात घालून पहा. दट्ट्या आणि नळा यांत फट मोठी असेल तर पीठ खाली जायच्या ऐवजी दट्ट्याच्या वर चढते. फट अजिबात नसेल तर धातूवर धातू घासतो. दट्ट्या अलगद सरकावा, पण खडखडू नये. पांढरा रुमाल आतून फिरवा. काळा डाग पडला तर घरी नेऊन गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावा, आणि पहिला पिठाचा गोळा दाबून टाकून द्यावा. धुतल्यावरही काळे येतच राहिले, तर सोऱ्या परत करावा. चकतीच्या भोकांवरून बोट फिरवा. कडा टोचता कामा नये. चकती पातळ असली तर दाबाने वाकते.

नळा किती रुंद असावा? इथे पुष्कळ लोक फसतात. मोठा नळा घेतला की काम लवकर होईल असे वाटते. पण ५ सेंटिमीटर रुंदीच्या नळ्याऐवजी ७ सेंटिमीटरचा घेतला, तर जोर जवळजवळ दुप्पट लागतो. कारण दट्ट्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते. पाच पंचे पंचवीस आणि साती साती एकोणपन्नास, असा हा हिशेब आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवताना हे उदाहरण आम्हाला कधी सुचले नाही, नाहीतर मुलींनी ते पटकन धरले असते. घरच्या कामाला अरुंद नळाच बरा. दांड्याची मूठ मात्र लांब असावी. मूठ लांब, तर हाताला काम हलके.

धातू कोणता घ्यावा? अ‍ॅल्युमिनियम हलका आणि स्वस्त, पण आटे मऊ. पितळ जड, महाग, पण आटे टिकतात. आजीचा पितळी सोऱ्या नात वापरते अशी घरे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. पण पितळेत आंबट वस्तू कळकते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत ठेवतात, त्याचा चीक आंबूस असतो. तो कल्हई नसलेल्या पितळी सोऱ्यात घालू नये. त्याला स्टीलचा किंवा लाकडी साचा वापरावा. स्टीलला कळकण्याचे भय नाही. आमचे मत विचाराल तर आज नवा घेणाऱ्याने जाड स्टीलचा, आणि झाकणात पितळी आटे असलेला घ्यावा. बॅटरीवर चालणारेही आता मिळतात. वर्षातून दोनदा चकली करणाऱ्या घराला त्याचे काय काम?

किमतीचा विचार असा करावा. समजा, एक सोऱ्या ₹२०० चा आहे आणि दोन दिवाळ्या टिकतो. दुसरा ₹६०० चा आहे आणि पंधरा दिवाळ्या टिकतो. पहिला वर्षाला ₹१०० ला पडला, दुसरा ₹४० ला. एकदम पैसे नसतील तर तीन घरांनी मिळून एक घ्यावा. मात्र दिवाळीत कुणाचा दिवस कोणता, ते आधी ठरवावे. नाहीतर पैसे वाचतात आणि बोलणे बंद होते.

सोऱ्या चांगला असला तरी पीठ वाईट असेल तर तो मोडतो. आमच्या मंडळींनी हे आम्हाला सुनावले. "अहो, दगडासारखं पीठ घातलं तर लोखंडसुद्धा मोडंल." भाजणी गरम पाण्यात मोहन घालून भिजवावी, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावी, आणि भरण्यापूर्वी पुन्हा मळून मऊ करावी. नळ्याला आतून तेलाचा हात लावावा. पीठ दाबून भरावे. मध्ये हवा राहिली तर चकली तुटते आणि तेलात तडतडते. शेवेच्या पिठात अख्खा ओवा घालू नये. एक दाणा भोकात अडकतो, मग दुसरा अडकतो, आणि आपण जोर लावत बसतो. ओवा वाटून, पाण्यात कालवून, ते पाणी फडक्याने गाळून घ्यावे. दांडा जड झाला तर जोर वाढवू नका. थांबा, उघडा, चकती पहा.

शेव कढईवरच पाडतात. तिथे फार जपावे. हात ओले नसावेत, पदर खोचलेला असावा, पोर जवळ नसावे. चकली मात्र ताटलीवर पाडून मग तेलात सोडावी. छापील कागदावर पाडू नये, शाई अन्नाला लागते.

काम संपले की दमलेली बाई सोऱ्या तसाच मोरीत ठेवते. सकाळी पीठ वाळून दगड होते. तेव्हा रात्रीच तो सुटा करून गरम पाण्यात टाकावा. अर्ध्या तासाने पीठ आपोआप सुटते. भोके खराट्याच्या काडीने साफ करावीत. तारेने किंवा खिळ्याने भोक मोठे होते, मग शेव जाड पडते. अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये, तो धातू खातो. पितळेला चिंच चालते, पण लगेच धुऊन कोरडे पुसावे. आट्यांना खायचे तेल बोटाने पुसून लावावे, यंत्राचे तेल कधीही नाही. हे तेल वर्षभरात चिकट होते, म्हणून पुढच्या वेळी आधी गरम पाण्याने धुवावे. ठेवताना झाकण आवळू नये. आवळून अडकलेच तर दगडाने ठोकू नका. झाकणावर गरम पाणी ओता. झाकण किंचित फुगते आणि फडक्याने धरून फिरवले की सुटते. चकत्या दोऱ्यात ओवून ठेवा, एक हरवली की तसलीच मिळत नाही.

लेथवाल्याने आक्कांच्या झाकणात जाड पितळी नट बसवून दिला. सोऱ्या संध्याकाळी हातात आला. मधल्या वेळात दोन घरचे सोऱ्ये मागून आणले होते. तरी ५ किलो चकली वेळेत झाली नाही, त्या गिऱ्हाइकाने दुसरीकडून घेतली. फीला कमी पडलेले पैसे आम्ही देऊ केले. आक्कांनी ते उसने म्हणून घेतले आणि संक्रांतीला परत आणून दिले. तो पितळी नटाचा सोऱ्या अजून चालतो आहे. आता त्यांची मुलगीच तो धुऊन, पुसून, चकत्या मोजून फळीवर ठेवते.